डबीतला पतंग

दूरच्या प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप त्या दिवशी विश्रांतवाडीच्या शाळेतून, इंटरनेटवरून, कॉम्प्युटरच्या माऊसने चालत होता. सातवीतल्या प्रत्येकाने आपला मेलेला कीटक आधीच कुरियरने पाठवला होता. पाळी आली की सर विचारत, "कसा मारलास?" कुणी सांगे, "चपलेने", कुणी, "स्प्रेने".

श्रावस्तीचे पाय बाकाखाली सारखे हलत होते. तिचा नंबर आला.

"मी नाही मारला, सर. आमच्या घरी रोज पंचशील म्हणतात, त्यात पहिलंच जीव न मारण्याचं आहे. मी पतंग नुसता डबीत ठेवला आणि झाकण लावलं. मग त्याचा तो मेला."

"हिच्याकडून शिका जरा," सर वर्गाला म्हणाले.

श्रावस्तीने माऊसने चित्र मोठं केलं. पडद्यावर भिंतीएवढा पंख आला. मुळाशी खवले कौलांसारखे रचलेले होते, टोकाकडे मात्र सगळं उघडं.

"इथले खवले कुठे गेले, मॅडम?" सरांनी विचारलं.

"घासून गेलेत," स्पीकरमधून प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. "डबीत बराच वेळ पंख आपटत असणार."

श्रावस्तीला ते माहीत होतं. आवाज ऐकू येऊ नये म्हणून तिनेच डबी कपाटात कपड्यांखाली ठेवली होती.

"थांबलीस का?" सर म्हणाले. "अजून मोठं करून बघ."