सोमवारचे पाहुणे

केटलीचं बटण टक्‌कन उडालं, सकाळची शांतता मोडली आणि मी ठरवलं, आज सांगायचंच. शेजारचं गेस्टहाउस समजून डार्लीन आणि वेंडेल हे अमेरिकन जोडपं सोमवारी बॅगांसकट आमच्याच घरात शिरलं. चूक दाखवली तर बिचारे ओशाळतील, म्हणून मी चहा पुढे केला. तेव्हापासून मी आणि माझी पाच वर्षांची लेक टॅम्सिन बागेतल्या अवजारांच्या खोपटात झोपतोय.

"माफ करा हं, खरं तर..."

"माफी कसली मागतेस गं पोरी! तुम्हा इंग्रजांची अदब काही औरच," डार्लीनने मला मिठीच मारली. "आम्ही अजून पंधरा दिवस राहतोय!"

"वा, छानच की," मी म्हणाले.

टॅम्सिनने माझी बाही ओढली.


"आई, मग अमेरिकेतलं त्यांचं घर आता आपलं का?"