नवं तेल

धुळ्याच्या दवाखान्यातून बायको, रत्ना, गेल्याचा फोन आला, तेव्हा पंडितनाना पुढे लोडरची बकेट लावलेल्या छोट्या ट्रॅक्टरखाली बसून हायड्रॉलिकचं जुनं तेल काढत होते. तेराव्यानंतर नवल मिस्त्रीने येऊन नवं तेल भरलं.

“नाना, आते बकेट चारदा वर-खाली करा, हवा निघी जाई.”

दरवर्षी तेल बदललं की तेवढ्या वेळात रत्ना बकेटमध्ये चढून बसायची. “आजून वर ल्या, माहेर दिखत नही,” म्हणायची.

नानांनी दांडा अलगद ओढला. बकेट सावकाश वर गेली.

“रिकामी शे ना, नाना! इतली हळू का बरं?”

नाना उन्हात वर बघत राहिले.

“दिखनं का?” त्यांनी विचारलं.

नानांनी ट्रॅक्टर बंद केला.

बकेट अजून खाली घ्यायची राहिली आहे.