उशीला यायचंय

भिंगरीच्या आईने आपल्या बोलण्यातून ‘कर’, ‘घाल’, ‘ये’ हे शब्द केव्हाच हद्दपार केले होते. नुसतं “बूट घाल” म्हटलं तरी पोर दाराशी थिजून उभी राहायची. तो हट्ट नव्हता, धास्ती होती. म्हणून आई बुटांशीच बोलायची, “काय बूटराव, आज स्वारी शाळेत निघणार ना?” मग भिंगरी खुदकन हसून पाय आत सरकवायची.

“लाडाने डोक्यावर बसलीय,” आजी म्हणायची.

मांडीवर बसली तरी पुरे, असं आईच्या मनात यायचं. पण ‘ये’ म्हणायची सोय नव्हती.

आज भिंगरी शाळेतून आली ती रडवेलीच. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, “हे पुन्हा लिही.” सोफ्याच्या पार त्या टोकाला बसून तिने तोंडासमोर उशी धरली. या टोकाला आई रोजच्यासारखी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“उशीताई आज गप्प गप्प?” आईने विचारलं.

उशीमागून बारीक आवाज आला, “उशीला तुझ्या मांडीवर यायचंय. रोजच यायचं असतं.”

“मग उशी येत का नाही?”

“तू नाही म्हणालीस तर? तिथे रोज कपडे असतात.”

ओठांवर आलेलं ‘ये’ आईने गिळलं, आणि मांडीवरचा घड्यांचा अख्खा ढीग जमिनीवर लोटून दिला.

उशी हळूहळू सरकू लागली.