चाळीस शेपट्यांची मोजणी

बायकोच्या माशांच्या शेपट्या नवरा मोजत होता.

मासे चाळीस, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. बारा दिवसांपूर्वी तिने प्रत्येकाची शेपटी अर्धी कापली होती आणि आता ती पुन्हा फुटत होती. अर्धे मासे संथ पाण्यात ठेवले होते, अर्धे पंप लावून जोरात वाहवलेल्या पाण्यात. कुठला मासा कुठल्या पाण्यातला ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही आणि प्रयोगातून काय निघेल असं वाटतं तेही त्याच्याशी बोलायचं नाही, हा प्रयोगशाळेचा दंडक. मोजणाऱ्याचा हात कुठल्याही बाजूला झुकू नये म्हणून. डब्यांवर नुसते आकडे आणि त्या आकड्यांची यादी सरांच्या टेबलावर बंद पाकिटात. बारा दिवस नवरा-बायको जेवताना फक्त गळका नळ आणि त्याच्या आईचा गुडघा यांवरच बोलत होते.

"तूच मोज," शेपट्या कापल्या त्याच दिवशी ती म्हणाली होती. "तुझ्याइतका स्थिर हात इथे कुणाचा नाही."

हाताला नऊ वर्षांचा सराव होता. वाढताना कुठे थांबायचं हे शेपटीला कुठलं रसायन सांगतं, ते तो नऊ वर्षं शोधत होता आणि हाती काही लागलं नव्हतं. बायको या प्रयोगशाळेत दोन वर्षांपूर्वी आली, तीही धरणांच्या दरवाजांचं काम सोडून. मासा तिने ताटाबाहेर नीट पाहिलाही नव्हता. आल्या आल्या तिने विचारलं, "रसायन राहू दे. पाणी त्या शेपटीला सारखं ढकलतं, त्याचं काय?" तेव्हा सर खुर्चीतून उठले होते. त्याच्यासाठी सर नऊ वर्षांत कधी उठले नव्हते. त्या दिवशी त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबलं नाही. बायकोचा आपल्याला अभिमान वाटतो असं तो सांगायचा. वाटायचाही, चारचौघांत.

सातवा मासा उचलण्याआधी त्याने डब्यात पाहिलं. पाणी निश्चल होतं, तरी मासा एका बाजूला तोंड करून जागच्या जागी पोहत होता, समोरून लोंढा येत असल्यासारखा. अंगाने काटक. हा वाहत्या पाण्यातला. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. नऊ वर्षं माशांकडे टक लावून बसण्याचा एवढा तरी उपयोग. खरं तर तिथेच उठून 'सर, मला मासे ओळखू येतायत' असं सांगायला हवं होतं. तो उठला नाही.

वाहत्या पाण्यात शेपट्या लांब येणार, असंच तिला वाटत असणार. ओढलं की लांबतं, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. त्याने माशाला गुंगीच्या औषधात बुडवलं, काचेवर आडवा ठेवला आणि मायक्रोस्कोपमधून पट्टीवरच्या रेघा मोजल्या. बत्तीस. त्याने तीस लिहिल्या.

मग त्याला लयच सापडली. डब्यात बघायचं, मासा काटक दिसला की एक-दोन रेघा गिळून टाकायच्या. संथ पाण्यातल्यांना मात्र त्याने पूर्ण न्याय दिला. हात जराही थरथरला नाही. खरे आकडे त्याने कुठेच टिपले नाहीत. फोटोचा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता आणि शेपट्या उद्यापर्यंत आणखी वाढणार होत्या, म्हणजे पुन्हा मोजायचा प्रश्नच नव्हता.

तीन वाजता सरांनी पाकीट फोडलं. बायकोने आकडे दोन रांगांत मांडले, बेरीज केली, पुन्हा केली. नवरा खिडकीशी उभा राहून हळहळ दाखवायच्या तयारीत होता. 'असू दे गं, पुढच्या वेळी बघू' हे वाक्य त्याने मनात दोनदा म्हणून पाहिलं.

"आखूड," ती म्हणाली. "वाहत्या पाण्यातल्या आखूड आल्यात, सर."

"तू पहिल्यापासून हेच म्हणत होतीस," सर म्हणाले. "पाणी दाबत राहिलं की शेपटी वाढायची लवकर थांबणार."

"पण इतका फरक मलाही वाटला नव्हता."

नवऱ्याला क्षणभर काहीच उमगलं नाही. मग उमगलं. शेपट्या मुळात आखूड होत्या की त्याने केल्या, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यालाही नाही.

सर संस्थेच्या मोठ्या साहेबांना फोन लावायला बाहेर गेले. तिला स्वतंत्र प्रयोगशाळा द्या, असं ते आज सांगणारच होते, निकाल चांगला आला तर.

ती त्याच्याजवळ आली. डोळे भरलेले.

"दुसऱ्या कुणी मोजलं असतं ना, तर माझा विश्वासच बसला नसता."

त्याला लाज वाटली. इतकी, की पोटातलं दुखणंसुद्धा क्षणभर थांबलं. सांगून टाकावं. आत्ता, सरांनी फोन ठेवायच्या आत. तिने पुन्हा आपलं तोंड पाहिलं नाही तरी चालेल, पण उद्या सगळ्यांसमोर ती खोटी पडायला नको.

"ऐक ना," तो म्हणाला.

"आधी माझं ऐक. शोधनिबंधावर तुझंही नाव टाकायचं ठरवलंय मी. सरांना विचारलंसुद्धा. माझं पहिलं, तुझं दुसरं."

बाहेर सर फोनवर मोठ्याने हसत होते.

"दुसरं का?" त्याने विचारलं.