साहेबांचा भाचा

"मी 'हॉस्पिटल' म्हटलं, की तुम्ही तो उचलायचा," इनुकाई साहेब म्हणाले. दुपारी खाल्लेल्या भाजलेल्या वाम माशाचा वास त्यांच्या तोंडाला अजून होता. "हळू. देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसा."

नागाएबाई टीव्हीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. उद्या क्योतोच्या याच सभागृहात कंपनी आपला नवा गेम कन्सोल जगाला दाखवणार होती. टीव्हीवर खेळता खेळता तो टीव्हीला जोडलेल्या खोबणीतून काढायचा आणि तोच खेळ हातात घेऊन घराबाहेर पडायचं. घरचा वेगळा, हातातला वेगळा, ही भानगडच संपली.

आजच्या तालमीसाठी दिवे मंद झाले. साहेबांनी आवाज ओला केला.

"माझा एक भाचा होता. आठ वर्षांचा. खेळ अगदी रंगात आला होता, आणि त्याला हॉस्पिटलला न्यावं लागलं. गाडीत सारखा विचारत होता, मामा, माझा खेळ का नाही आला आपल्याबरोबर? तो घरी परतलाच नाही."

नागाएबाईंचा हात खोबणीपाशीच थांबला.

तो प्रश्न त्यांच्या मुलाचा होता. 'मामा'च्या जागी 'आई' होतं, एवढाच फरक. घरच्या आणि हातातल्या कन्सोलचे दोन्ही विभाग एक करा, हे पटवताना त्यांनी तो एकदाच, बंद दाराआड सांगितला होता. तेव्हा याच साहेबांनी त्यांना मध्येच तोडलं होतं : "दुःख घरी ठेवून येत जा, बाई. धड ना घरातलं, धड ना हातातलं, असलं काही आपण बनवत नाही."

त्या बैठकीला हजर असलेला ओझेकी आज पहिल्या रांगेत होता. तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

"अहो, उचला ना!"

मागून जाहिरात विभागातली कुणीतरी नाक ओढत म्हणाली, "मला तर बाई रडूच आलं."

"बघा!" साहेब खूश झाले. ते नागाएबाईंजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "उद्या तुम्हीही जरा डोळे पुसा. बाईमाणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की लोकांना पटतं."

हात कोमट होता, ओलसर. नागाएबाईंनी तो चिमटीत धरून बाजूला केला, ताटातलं झुरळ काढावं तसा.

"साहेब, पोराचं नाव काय?"

"कुठल्या पोराचं?"

"तुमच्या भाच्याचं."

साहेबांच्या कॉलरचा माइक चालू होता. प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ओझेकीने मान वर केली.

साहेबांनी तोंड उघडलं. मग समोरच्या काचेवर, जिथे त्यांचं भाषण ओळीओळीने सरकत होतं, तिथे ते नाव शोधू लागले.