चुकलेली खूण

वादळात गावातल्या गावात फोन लागत नाही, परगावी मात्र लागतो. म्हणून घरचा शिरस्ता ठरलेला: ज्याने त्याने परगावच्या ताईला फोन करायचा, आणि तिने सगळ्यांची खुशाली सगळ्यांना कळवायची. खरखरीत आवाज ओळखू येत नाही, म्हणून ताई लहानपणची एखादी खूण विचारून खात्री करून घ्यायची.

धाकटी दवाखान्यात नर्स होती. भर दुपारी वॉर्डात दिवे लावलेले, खिडक्या थडथडत होत्या. एकदाचा फोन लागला.

"ताई, आईला सांग, मी ड्युटीवरच अडकलेय. पण सुखरूप आहे."

पलीकडून ताई म्हणाली, "तू तर सकाळीच घरी पोचलीस. आईच्या फोनवरून माझ्याशी बोललीस की."

धाकटी ओरडलीच, "मी इथे आहे, ताई! खूण विचारलीस का तिला?"

"विचारली. आपल्या मांजराचं नाव."

"मग?"

"चुकली."

"अगं, मग आईला सांगायचं ना!"

"सांगितलं," ताई हळूच म्हणाली. "आईने केव्हाच ओळखलं होतं. म्हणाली, असू दे. ही निदान घरी तरी आली."