ओकवरच्या माव्याची संमती

ओकच्या झाडाच्या फांदीवर बसलेल्या मावा किडीच्या त्रेचाळीस माद्यांना शर्वाणीने तिसऱ्यांदा विनंती केली. ही जात विज्ञानाला अगदी नवी होती. तिला नाव द्यायचं, तर एक मावा मद्यार्कात बुडवून संग्रहालयात ठेवावा लागणार होता. पण कीटकांचं बोलणं कळू लागल्यापासून कायद्याने त्यासाठी त्या माव्याचीच संमती लागत होती.

"तिला घ्या," कानातल्या यंत्रातून एकीचा आवाज आला. "तीही मीच आहे."

"मग तूच जा की," शेजारीण म्हणाली.

दोघींचंही खरं होतं. सगळ्या एकाच आईच्या, नराशिवाय जन्मलेल्या हुबेहूब मुली होत्या.

"अजून घोळ चाललाय?" तिचे मार्गदर्शक कुंभोजकर सर मागून म्हणाले. "आज नमुना घ्यायचा परवाना संपतोय. आणि जातीला माझं नाव लागायचंय, विसरू नकोस."

"त्यांना मरायचं नाहीये, सर."

"जगून तरी काय करतात? महिनाभर झाडाचा रस प्यायचा."

तेवढ्यात एका थोराड मादीने विचारलं, "बाटलीत किती दिवस ठेवणार?"

"दोनशे वर्षं तरी," शर्वाणीने प्रामाणिकपणे सांगितलं. "पण जिवंत नाही."

"आणि तिथे मुंग्या असतात?"

शर्वाणीने फांदीकडे नीट पाहिलं. अंगातून गोड थेंब निघावा म्हणून मुंग्या प्रत्येकीच्या पाठीवर सकाळपासून टकटक करत होत्या.

"एकही नाही," ती म्हणाली.

सालीत रुतवलेल्या त्रेचाळीस सोंडा एकदम बाहेर निघाल्या, आणि यंत्रात एकच गलका उठला, "मला घ्या!"